मोडक्या कानाचा घोडा

लामाराबाईंना भांडणाचा राग येत नाही, कौतुकाचा येतो. कुणी तावातावानं भांडायला आलं तर त्या तितक्याच तावानं भांडतात आणि संध्याकाळी त्याच माणसाकडे वाटीभर अक्रोड पाठवून मोकळ्या होतात. पण छातीवर हात ठेवून, डोळे ओलसर करून कुणी “आमच्या जॉर्जियाच्या बायका!” असं सुरू केलं की त्यांच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागते. कुतैसीच्या त्यांच्या गल्लीत हे लहानथोरांना ठाऊक आहे. जन्मभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे आवाज खणखणीत, आणि समोरचा चुकला की हातातली पट्टी आपटायची सवय अजून गेलेली नाही. पट्टी नसली तर चमचा चालतो.

या रागाचं मूळ एका काचेच्या कपाटात आहे.

त्या स्वतः शाळेत शिकत होत्या तेव्हा गावात मुलींचे बुद्धिबळाचे वर्ग भरत. देशातल्या बायका साऱ्या जगाला हरवत होत्या, त्यामुळे आईबाप पोरींना शिवण नाही आलं तरी चालेल पण घोडा कसा चालतो ते आलं पाहिजे, असं म्हणत. लामारा गावाच्या संघात दुसऱ्या पटावर, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाची खेळाडू म्हणून, बसायची. लग्न ठरलं तेव्हा रीतीप्रमाणे बिछाना-रजयांबरोबर बुद्धिबळाचा पटही तिच्या सामानात निघाला. वडिलांनी तो तिच्याकडूनच निवडून घेतला होता. चांगला जड, सोंगट्यांच्या बुडाला हिरवी बनात, मऊ लोकरी कापड, लावलेला.

सासऱ्यांनी तो पाहिला आणि त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात तो मांडला, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या जाकिटाच्या खिशात ठेवली. पाहुणे आले की त्यांना कपाटापुढे उभं करायचं. “हा आमच्या सूनबाईंचा पट. दुसऱ्या पटावर खेळायच्या, चेष्टा नव्हे.” पाहुणे माना डोलवायचे. तेवढ्यात सूनबाई कॉफी घेऊन यायच्या, आणि कपाकपात साखर किती, एवढंच बोलून परत जायच्या. नवरा, ओतारी, भला माणूस. तो बापाला काही बोलला नाही; पण रात्री स्वयंपाकघरात पुठ्ठ्याच्या पटावर बायकोशी खेळायचा आणि हरायचा.

सासरे वारले, त्यांचं क्रियाकर्म आटपलं, तेव्हा लामाराबाईंनी जाकिटातून किल्ली काढली. त्यांनी पांढरा राजा उचलला. त्याची खिडकीकडची बाजू उन्हानं पिवळीधमक झाली होती आणि भिंतीकडची पूर्वीसारखी फिकट होती. सगळ्या पांढऱ्या सोंगट्या तशाच, अर्ध्या पिवळ्या. इतक्या वर्षांत एकही जागची हलली नव्हती. ओतारीला त्या एवढंच म्हणाल्या, “बघ, यांना कौतुकाचं ऊन लागलंय.” आणि मग बराच वेळ रडल्या. सासऱ्यांसाठी नव्हे, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

तेव्हापासून तो पट त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर असतो. त्याच टेबलावर नात तेक्ले शिकली. तेक्ले आता औषधांच्या दुकानात काम करते आणि संध्याकाळी आली की पायातले बूटही न काढता आधी एक चाल करते.

तर या तेक्लेचं लग्न ठरलं. मुलगा साबा, झेस्ताफोनीचा, रेल्वेत नोकरीला, स्वभावानं गरीब. त्याचे वडील गुराम मोठे हौशी. मेजवानीत म्होरक्या होऊन एकामागून एक शुभचिंतनं करायची आणि प्याले रिते करवायचे, यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नाही. लामाराबाईंनी साखरपुड्यालाच त्यांचं एक शुभचिंतन ऐकलं आणि आपल्या मुलाला, तेक्लेच्या बापाला, तेंगोला कोपरानं ढोसलं. “हा माणूस चांगला आहे, पण याच्यापासून जपून राहायला हवं.”

“आई, तू कुणाला तरी चांगलं म्हण.”

“म्हटलं की आत्ता.”

मग पट निवडायला आजी आणि नात निघाल्या. पुलाजवळच्या भेटवस्तूंच्या दुकानात दुकानदारानं मोठ्या अदबीनं एक पेटी उघडली. आत खंजीर खोचलेले राजे, पदर सावरलेले वजीर, शिंगं फुंकणारी प्यादी. लामाराबाईंनी चष्मा वर केला.

“यातला उंट कुठला?”

“तो काय, दाढीवाला.”

“आणि हा?”

“तो... तोही दाढीवाला आहे. पण हा राजा.”

“म्हणजे खेळायला बसण्याआधी ओळखपरेड घ्यायची.”

दुकानदार हसला आणि दुसरी पेटी काढता काढता म्हणाला, “मुलगा कसा खेळतो? हात चांगला असेल तर मी जड सेट दाखवतो.”

“कोणता मुलगा?”

“नवरा मुलगा.”

“ते त्याला विचारा. पट मुलीचा आहे.”

दुकानदार चपापला. तेक्लेनं आजीचा दंड धरून तिला बाहेर काढलं, नाहीतर भूगोलाचा तास तिथंच सुरू झाला असता.

लामाराबाईंची निवडायची रीत ठरलेली. सोंगटी हातात घेतली की आधी ती उलटी करायची. बुडाला बनात नीट बसली आहे का, कडेनं डिंक बाहेर आलाय का ते बघायचं. मग ती तिरकी करून सोडायची. आपणहून उभी राहिली पाहिजे, लोळता कामा नये. चकाकी असली तर नापास, कारण दिव्याखाली खेळताना ती डोळ्यांत घुसते. शेवटी डोळे मिटून पेटीत हात घालायचा आणि बोटांनी ओळखायचं, उंट की प्यादं. बोटांना शंका आली तर पेटी बंद.

असं करत करत त्या जुन्या बाजारापर्यंत पोचल्या. तिथं लाकडाचं कातकाम करणाऱ्या एकाकडे त्यांना हवा तसा नवा सेट मिळाला. घट्ट पिवळसर लाकूड, वजनदार, घोड्यांच्या माना ऐटबाज. लामाराबाईंचा चेहरा बऱ्याच दिवसांनी सैल झाला. “हा,” त्या म्हणाल्या. मागे वळून बघतात तर तेक्ले तिथं नव्हतीच. पलीकडे एकानं मोटारीच्या टपावर जुन्या वस्तू मांडल्या होत्या, त्यात ती डोकं खुपसून उभी होती.

“आजी, हा काळा घोडा बघ. याचा एक कान नाहीये.”

“दिसतंय. ठेव तो.”

“कुणी काही सांगितलं तर याला ऐकूच येत नाही. माझ्यासारखाच.”

“लग्नात मोडकं घेऊन जाणार तू? लोक म्हणतील, आजीला नवं घेववलं नाही.”

“लोकांचं तू कधीपासून ऐकायला लागलीस?” तेक्लेनं घोडा आजीच्या तळहातावर ठेवला. “डोळे मीट. तूच शिकवलंयस ना.”

लामाराबाईंनी चिडूनच डोळे मिटले. घोडा हातात आला आणि त्यांचा अंगठा आपोआप मोडक्या कानाच्या जागी जाऊन बसला. ती जागा खरखरीत नव्हती. कुणाकुणाच्या अंगठ्यांनी घासून घासून ती गुळगुळीत झाली होती, जणू त्यासाठीच कोरली असावी. लाकूड कोरडं, ऊबदार, पॉलिश कधीचंच उडून गेलेलं. म्हणजे हा पट खेळला गेला होता. भरपूर खेळला गेला होता. त्यांनी डोळे उघडले आणि पर्स उघडली. कातकाम करणाऱ्याकडे मात्र बाजारातून बाहेर पडेपर्यंत तीनदा मागे वळून पाहिलं.

त्यांनी तेंगोला बजावलं होतं, पट तेक्ले आपल्या हातानं नेईल. पण तेंगोला व्याह्यांपुढे मिरवायची हौस. लग्नाआधी रजया आणि भांडी घेऊन तो मोटारीनं झेस्ताफोनीला गेला, तेव्हा त्यानं पटही गाडीत घातला. “नुसता दाखवायला नेला,” तो परत आल्यावर म्हणाला. “गुराम इतका खूश झाला, म्हणाला राहू द्या इथंच.”

लामाराबाईंनी हातातला चमचा आपटला. “राहू द्या म्हणजे कुठं?”

“घरात. आणखी कुठं?”

पुढच्या रविवारी गुरामकडे दोन्ही घरांची मेजवानी होती. दारातून आत शिरताच लामाराबाईंनी आधी माणसं बघितली नाहीत, भिंती बघितल्या. दिवाणखान्यात, मधोमध, नवंकोरं काचेचं कपाट. आत दिवा. दिव्याखाली तेक्लेचा पट. सोंगट्या अशा चकाकत होत्या की कुणी वरून साखरेचा पाक ओतलाय असं वाटावं. काळ्या घोड्याला दोन कान होते. आणि मांडणाऱ्यानं पट आडवा फिरवून ठेवला होता. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर असायला हवं, तिथं काळं आलं होतं. ज्या देशात पाळण्यातल्या पोरालाही हे कळतं म्हणतात, त्या देशात.

त्यांनी तेक्लेकडे पाहिलं. तेक्लेनंही कपाट पाहिलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती कोट काढून सरळ स्वयंपाकघरात मदतीला गेली. तेच लामाराबाईंना सहन होईना. तसंच त्याही एकदा कॉफी आणायला आत गेल्या होत्या.

जेवण सुरू झालं. चीजची खाचापुरी आली, अक्रोडाच्या वाटणातली वांगी आली, मक्याच्या भाकऱ्या आल्या. गुराम टेबलाच्या टोकाला. देवासाठी झालं, गेलेल्यांसाठी झालं, मग त्यांनी प्यायचं शिंग वाइननं भरून घेतलं आणि सगळ्या पुरुषांना उभं केलं.

“आता आपल्या बायकांसाठी,” ते म्हणाले. आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता. “आमच्या सूनबाईंनी आमच्या घरात सोनं नाही आणलं, बुद्धी आणलीये. बघा, तिथं ठेवलीये. मी स्वतः रंगारी बोलावून तिला झळाळी दिली. घोड्याला कान नव्हता, तो करवून घेतला. आमच्या बायकांना पृथ्वीवर तोड नाही.” स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको नार्गिझा आणि तिच्या बहिणी हातात ताटं घेऊन हे ऐकत उभ्या होत्या. त्यांच्या हातात प्याले नव्हते. “आणि हे शुभचिंतन मी लामाराबाईंच्या हवाली करतो. त्या पुरं करतील, मग आपण पिऊ.”

शुभचिंतन असं कुणाच्या हवाली केलं की ते त्याचं होतं. तो पुरं करेपर्यंत कुणी पीत नाही, आणि भरलेला प्याला खालीही ठेवत नाही. गुरामच्या घरात हा नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळला जातो.

लामाराबाई उठल्या. “बरं. पुरं करते. त्याआधी तेक्लेनं एक चाल करावी. राजापुढचं प्यादं दोन घरं. एवढंच.”

सगळ्यांना कल्पना फार आवडली. कुणीतरी वाहवा केली. गुराम मात्र घाईनं मधे बोलले. “लामाराबाई, जेवण झाल्यावर...”

तेक्लेनं स्वयंपाकघरातून येऊन कपाटाची काच सरकवली, आत हात घातला आणि प्यादं उचललं.

प्याद्याबरोबर अख्खा पट वर आला. सगळ्या सोंगट्यांसकट तो त्या एका प्याद्याला तिरका लटकत राहिला.

कुणी हसलं नाही. तेक्लेनं तो दोन्ही हातांनी सावरून टेबलावर ताटांच्या मधे आणून ठेवला आणि वजीर ओढून पाहिला. मग घोडा. मग हत्ती.

“चिकटवलंय,” ती म्हणाली.

“धूळ पुसताना एखादी पडली, हरवली तर?” गुराम म्हणाले. “चांगला डिंक आहे. सुटायचा नाही.”

“माझ्या सासऱ्यांनी,” लामाराबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा झाला, “माझा पट कपाटात कोंडला होता. पण निदान कुलूप घातलं होतं. कुलपाची किल्ली सापडते, गुराम. तुम्ही तर पुढं गेलात. तुम्ही पोरीचा हात धरून सांगितलंत, तू हुशार आहेस, आता जागची हलू नकोस.”

“आई,” तेंगो दबक्या आवाजात म्हणाला, “सोयरीक आहे.”

“सोयरीक आहे म्हणून बोलते. तुम्ही नुसते शेजारी असतात तर मी हसून निघून गेले असते. आणि तू गप्प बस, गाडीत घालून आणलास तो तूच.”

“मी वाईट हेतूनं केलं का?” गुरामचे डोळे खरंच ओले झाले होते. “मान दिला मी.”

“तोच तर राग आहे मला. शिव्या दिल्या असत्यात तर तिला उत्तर देता आलं असतं. या मानाला ती काय उत्तर देणार? कानही लावलात. तो कान नको म्हणूनच तिनं तो घोडा घेतला होता. तिला विचारलंत?”

तेक्ले आतापर्यंत सोंगट्यांकडेच बघत होती. तिनं मान वर करून साबाला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“बाबा म्हणाले, तुला चकित करायचंय.”

“मग तू काय म्हणालास?”

“काही नाही.”

“हं,” तेक्ले म्हणाली. त्या हुंकारात लग्न होतंय की मोडतंय ते कुणालाच सांगता आलं नसतं. टेबलाभोवती पुरुष भरलेले प्याले धरून उभे होते. साबानं आपला प्याला हातात तसाच ठेवून स्वयंपाकघराकडे धाव घेतली आणि पातळ पात्याची सुरी आणून, मूठ तेक्लेकडे करून, पुढे धरली.

तेक्लेनं ती घेतली आणि पहिल्या प्याद्याच्या बुडाशी घातली.

“हे सगळं सुटेपर्यंत मी पुरं करणार नाही,” लामाराबाईंनी जाहीर केलं आणि त्या बसल्या.

गुरामचे थोरले भाऊ, गुडघ्यांनी अधू, थोड्या वेळानं नम्रपणे म्हणाले, “लामाराबाई, मी बसू का?”

“बायकांसाठी प्यायचंय ना? मग उभेच राहा.”

नार्गिझा हातातली ताटं ठेवून पुढं आली. गरम पाण्यात पिळलेलं फडकं तिनं पटावर दाबून धरलं. “वाफेनं सुटतो हा डिंक. मी यांना सांगत होते चिकटवू नका म्हणून. माझं कोण ऐकतं?”

“आज ऐकतायत,” लामाराबाई म्हणाल्या. “आणखी बोल.”

नार्गिझा आणखी बोलली. कपाटाच्या दिव्याबद्दल बोलली, रंगाऱ्यानं केलेल्या घाणीबद्दल बोलली, आणि बोलता बोलता पटापट उंट उपटत गेली. तिच्या बहिणी येऊन बसल्या. बनात पटावरच राहत होती, सोंगट्यांची बुडं उघडी पडत होती. खाचापुरीवरचं चीज थिजलं. शेवटी गुरामनं डाव्या हातात शिंग उंच धरून, एक थेंब न सांडता, उजव्या हातानं एक काळं प्यादं पिळून काढलं. मग दुसरं. त्यांचे भाऊही वाकले. एका हातात प्याला आणि दुसऱ्या हातानं ओढाताण, असे ते सगळे टेबलावर ओणवे झाले.

शेवटी राहिला काळा घोडा. तेक्लेनं तो सोडवला, नवा कान नखानं उचकटला आणि तो आपल्या रिकाम्या ताटात टाकला. मग पट फिरवून पांढरं घर उजव्या हाताला आणलं, सगळं मांडलं आणि राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं सरकवलं. बनात नसल्यामुळे लाकडावर लाकूड खर्रकन वाजलं.

लामाराबाई उठल्या. “तेक्लेच्या खेळण्यासाठी,” त्या म्हणाल्या, आणि त्याला एकही विशेषण जोडलं नाही. “आता प्या.”

ते प्यायले. इतक्या मनापासून त्या घरात कुणी कधी प्यालं नसेल.

निघताना तेक्लेनं सोंगट्या स्वतःच्या शालीत बांधल्या. “हा मी परत नेते. लग्न झालं की माझ्या हातानं आणीन. कपाटात ठेवणार नाही, जेवायच्या टेबलावर ठेवीन.”

गुरामनं टेबलाकडे पाहिलं. “मग जेवायचं कुठं?”

“डाव संपल्यावर तिथंच.”

गाडीत तेंगो कुतैसीपर्यंत बोलणी खात आला. लामाराबाईंचा राग घरी पोचूनही उतरला नाही, कारण पॉलिश उतरलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आजी आणि नात संध्याकाळी सज्ज्यात बसून खरखरीत पॉलिश कागदानं एकेक सोंगटी घासू लागल्या. “शहाणे,” लामाराबाई प्रत्येक सोंगटीला पुटपुटायच्या, “झळाळी देतात.” तेक्ले हसायची. साबाचा फोन आला की ती उत्तर द्यायची, पण घासणं थांबवायची नाही.

शनिवारी दार वाजलं. बाहेर गुराम. एका हातात घरच्या वाइनची बरणी, काखेत पॉलिश कागदाची गुंडाळी आणि हिरव्या बनातीचा तुकडा. छातीवर हात ठेवून त्यांनी तोंड उघडलं.

“भाषण करणार असाल तर परत जा,” लामाराबाई म्हणाल्या.

गुरामनं तोंड मिटलं. सज्ज्यात येऊन ते खालच्या स्टुलावर बसले. लामाराबाईंनी त्यांच्या पुढ्यात प्यादी ओतली.

“हळू घासा. आणि घोड्यांना हात लावायचा नाही. ते तिचे आहेत.”